शिशाच्या सैनिकांचा सेनापती

नियमांची पुस्तिका आवडीने कोण वाचतो? नवा खेळ घरी आणला की तिच्यावरून एकदा नजर फिरवायची, सोंगट्या मांडायच्या आणि पुस्तिका खोक्याच्या तळाशी टाकून द्यायची, हा सर्वांचाच शिरस्ता. कथा-कादंबरीत माणसे असतात, सुखदुःखे असतात. नियमांच्या पुस्तकात काय असणार? अमुक घरे पुढे जावे, तमुक वेळी मागे यावे. परंतु जगात खेळांचा असा एक प्रकार आहे की ज्याच्या नियमांच्या पुस्तकातच एक कथा दडून बसलेली असते.

टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येकाजवळ कागद, पेन्सिल आणि फासे असतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण सूत्रधार बनून प्रसंग उभे करतो आणि बाकीचे आपापल्या पात्राने काय केले ते सांगतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा असा पहिला प्रसिद्ध खेळ छापून काढला. त्याची पुस्तके म्हणजे नुसती कोष्टके आणि कलमे. तरीही वाचणाऱ्याला त्या कलमांच्या आड एक जग दिसू लागते. १९७६ च्या एका पुरवणीत जादूच्या वस्तूंच्या यादीमध्ये वेक्ना नावाच्या मांत्रिकाचा तुटलेला हात आणि एक डोळा यांचे वर्णन आहे. हा वेक्ना कोण, तो कसा जगला, कसा संपला, हे तेथे सलग सांगितलेले नाही. वस्तू कशी वापरावी एवढेच सांगता सांगता एका भयंकर आयुष्याची चाहूल दिली आहे. बाकीची गोष्ट वाचणाऱ्याने आपल्या मनाशी जुळवायची. पुढच्या काळात तिच्यावर पुस्तकेच्या पुस्तके निघाली, पण तिचे बीज होते एका नियमात.

या वंशावळीचा माग काढत मागे गेले म्हणजे आपण १९१३ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या एका छोट्या पुस्तकापाशी येऊन पोहोचतो. 'लिटल वॉर्स' म्हणजे छोट्या लढाया, असे त्याचे नाव. शिशाच्या सैनिकांनी जमिनीवर लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात आहेत. पुस्तकाचा लेखक कोणी खेळणीवाला नव्हता. 'टाइम मशीन', 'इन्व्हिजिबल मॅन' आणि 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' लिहिणारा हर्बर्ट जॉर्ज वेल्स तो. वेल्सच्या कादंबऱ्या पुष्कळांना ठाऊक असतात. नियमांच्या पुस्तकात गोष्ट लपवणारा हा वेल्स मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. त्याच्या आयुष्याकडे या बाजूने पाहिले तर ते सारे आयुष्यच नियमांशी घातलेल्या झुंजीसारखे दिसते.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातील ब्रॉम्ली या गावी झाला. वडील जोसेफ पूर्वी माळीकाम करीत. नंतर त्यांनी चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकण्याचे दुकान घातले. दुकान कधीच नीट चालले नाही. जोसेफ वेल्स क्रिकेट मात्र उत्तम खेळत. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध त्यांनी लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. गोलंदाजीचे जे काही पैसे मिळत त्यावर घर चाले. आई सारा लग्नापूर्वी अपपार्क नावाच्या एका मोठ्या हवेलीत मालकिणीच्या सेवेस असे. दुकानाच्या मागे-खाली राहायचे घर. स्वयंपाकघर तळघरात होते आणि त्याला वर रस्त्याच्या पातळीवर जाळी होती. त्या जाळीतून लहानग्या बर्टीला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. फाटके बूट, झिजलेल्या टाचा, क्वचित एखादा चकचकीत जोड. माणसाचे तोंड दिसण्याआधी त्याचे बूट दिसावेत आणि बुटांवरून त्याची पायरी कळावी, असे ते बालपण होते. पुढे १९०७ साली त्याने गरिबीवर एक पत्रक लिहिले, तेही या बुटांवरूनच.

सातव्या वर्षी एका मोठ्या मुलाने त्याला कौतुकाने वर उडवले आणि झेलता न आल्याने त्याचा पाय मोडला. कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहावे लागले. ज्या अपघाताला घरचे दुर्दैव म्हणत होते, त्याला वेल्स पुढे आयुष्यातील मोठे भाग्य मानू लागला. कारण त्या दिवसांत वडिलांनी त्याला वाचनालयातून पुस्तके आणून दिली आणि पडल्या पडल्या त्याला वाचनाची गोडी लागली. याच वयात त्याला आणखी एक नाद होता. ब्रॉम्लीच्या टेकड्यांवरून एकटा फिरताना तो मनातल्या मनात प्रचंड सैन्ये हलवी. झाडीच्या आड तोफा लपवी, उतारावरून घोडदळ सोडी, शत्रूला घेरी. रस्त्याने जाणाऱ्याला दिसे एक किडकिडीत पोरगा. प्रत्यक्षात तो सेनापती असे. १९३४ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने या मनोराज्याची कबुली मोकळेपणाने दिली आहे आणि जगातील काही सत्ताधीश त्या तेराव्या वर्षाच्या पुढे कधी गेलेच नाहीत, अशा अर्थाचा चिमटाही काढला आहे.

१८७७ साली वडिलांच्या मांडीचे हाड मोडले. क्रिकेट संपले आणि क्रिकेटबरोबर घरात येणारा पैसाही आटला. १८८० मध्ये आई पुन्हा अपपार्कमध्ये, या वेळी हवेलीची कारभारीण म्हणून, नोकरीस गेली. घर मोडले. मुलांना कामाला लावणे भाग होते. आईच्या दृष्टीने कापडदुकानात उमेदवारी करणे यासारखा सभ्य धंदा दुसरा नव्हता. थोरल्या दोन्ही भावांना तिने त्याच वाटेला लावले होते. बर्टीलाही तेथेच पाठवले. पहिल्या दुकानातून तो थोड्याच दिवसांत परत आला. मग साउथसी येथील मोठ्या कापडदुकानात १८८१ पासून त्याची उमेदवारी सुरू झाली. दिवसाचे सुमारे तेरा तास काम. रात्री इतर उमेदवारांबरोबर एकाच दालनात झोपायचे. त्या काळच्या अशा दुकानांतून नोकरांसाठी नियमांची लांबलचक यादी असे आणि चुकेल त्याच्या पगारातून दंड कापला जाई. उभे कसे राहावे, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, थान कसे गुंडाळावे, प्रत्येक गोष्टीला नियम. वेल्सच्या हाती आलेले नियमांचे पहिले पुस्तक हे असे होते. त्यातही एक कथा दडलेली होती आणि ती त्याने बरोबर वाचली: नियम करणारा एक असतो, पाळणारा दुसरा, आणि पाळणाऱ्याला कोणी विचारीत नाही. या अनुभवातूनच पुढे 'किप्स' आणि 'मिस्टर पॉली' या त्याच्या कादंबऱ्या जन्मल्या.

दोन वर्षांनी त्याचा धीर सुटला. एका रविवारी सकाळी तो दुकानातून उठला आणि सुमारे सतरा मैल पायी चालत अपपार्कला आईपुढे जाऊन उभा राहिला. येथून सोडवले नाही तर जगणार नाही, इथपर्यंत त्याने निर्वाणीची भाषा केली. आईने करार करताना पदरचे पैसे भरले होते. तिच्या मनाची काय अवस्था झाली असेल! तरीही अखेर १८८३ साली तिने मुलाचे ऐकले. मिडहर्स्ट येथील शाळेचे मुख्याध्यापक होरेस बायट यांनी त्याला शिकवता शिकवता शिकणारा उमेदवार-शिक्षक म्हणून ठेवून घेतले. विद्यार्थी विज्ञानाच्या सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाले की शाळेला अनुदान मिळे. बायट यांनी त्याला एकामागून एक परीक्षांना बसवले. पोराने इतके यश मिळवले की १८८४ साली त्याला लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये शिष्यवृत्ती मिळाली. आठवड्याला एक गिनी. पोट जेमतेम भरावे एवढीच ती रक्कम.

तेथे पहिल्या वर्षी त्याला जीवशास्त्र शिकवायला खुद्द थॉमस हक्सले होते. डार्विनच्या बाजूने उभ्या इंग्लंडशी वाद घालणारा हा गुरू वर्षभरच लाभला, पण वेल्सच्या विचारांना त्याने जन्मभराची दिशा दिली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र गाडी घसरली. शिकवणे रुक्ष वाटू लागले. वेल्सचे लक्ष वर्गापेक्षा वादसभेत आणि विद्यार्थ्यांच्या मासिकात अधिक. १८८७ साली भूगर्भशास्त्राच्या परीक्षेत तो नापास झाला आणि पदवीविना बाहेर पडला.

आपल्यासारख्या वार्षिकांकाच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. 'सायन्स स्कूल्स जर्नल' हे विद्यार्थ्यांचे मासिक सुरू करणाऱ्यांमध्ये वेल्स प्रमुख होता. याच मासिकात १८८८ साली त्याची 'क्रॉनिक आर्गोनॉट्स' ही काळातून प्रवास करणाऱ्या यंत्राची गोष्ट क्रमशः छापून आली. गोष्ट कच्ची होती. पण तीच पुन्हा पुन्हा लिहीत गेल्यावर सात वर्षांनी 'टाइम मशीन' तयार झाली. ज्याच्या घरात त्यापूर्वी कोणी महाविद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते अशा एका मुलाची जगप्रसिद्ध कादंबरी आधी महाविद्यालयाच्या मासिकात उमटली होती. आमच्यापैकी जे अशाच घरांतून येथे आले आहेत, त्यांना ही गोष्ट ऐकून धीर आल्यावाचून राहणार नाही.

पुढची काही वर्षे हालाची गेली. वेल्समधील एका खेड्यातील शाळेत शिकवत असताना फुटबॉलच्या मैदानावर त्याला कमरेजवळ जबर लाथ बसली. मूत्रपिंडाला इजा झाली. पाठोपाठ तोंडातून रक्त पडू लागले. तेव्हा तो आता फार दिवसांचा सोबती नाही, असेच सर्वांना वाटले. पण तो वाचला. लंडनमध्ये पुन्हा शिक्षकी केली. १८९० साली लंडन विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी बाहेरून परीक्षा देऊन मिळवली. १८९१ साली चुलतबहीण इझाबेलशी लग्न केले. ते टिकले नाही. १८९५ साली त्याने आपली विद्यार्थिनी एमी कॅथरिन हिच्याशी दुसरा विवाह केला. तिला तो जेन म्हणे. तिने त्याचा संसार आणि लेखनाचा सारा व्याप १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळला. तिच्याशी तो एकनिष्ठ राहिला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. थोरांच्या चरित्रातील अशा बाजू झाकून ठेवल्याने ते अधिक थोर होत नाहीत.

१८९५ ते १९०१ या सहा-सात वर्षांत त्याने जी पुस्तके लिहिली त्यांनी विज्ञानकथेचा पाया घातला. वरवर त्या अद्भुत गोष्टी आहेत. पण प्रत्येकीच्या पोटात दुसरी गोष्ट आहे. 'टाइम मशीन'मध्ये दूरच्या भविष्यात माणसाच्या दोन जाती झाल्या आहेत. वर उन्हात खेळणारे नाजूक लोक आणि खाली भुयारात यंत्रे चालवणारे मॉर्लॉक. अपपार्कच्या हवेलीत नोकरांनी मालकांच्या नजरेस पडू नये म्हणून जमिनीखालून जाण्यायेण्याचे बोगदे होते, हे कळल्यावर मॉर्लॉक कोठून आले ते वेगळे सांगावे लागत नाही. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरचे प्राणी इंग्लंड जाळत सुटतात. पण आरंभीच लेखक टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून देतो. साम्राज्याखाली भरडले जाणे कसे असते, ते साम्राज्याच्या राजधानीला एकदा अनुभवायला लावणे, ही त्या कादंबरीतील छुपी गोष्ट होय. उघड सांगितले असते तर लोकांनी पुस्तक मिटले असते. गोष्टीत गोष्ट लपवण्याची विद्या त्याने अशी हस्तगत केली.

आता त्याच्याजवळ पैसा आला. समुद्रकाठी सँडगेट येथे त्याने 'स्पेड हाऊस' नावाचे घर बांधले. १९०१ आणि १९०३ साली दोन मुलगे झाले. ज्याला स्वतःला खेळायला वेळ मिळाला नव्हता तो बाप मुलांबरोबर जमिनीवर बसून तासन्‌तास खेळू लागला. लाकडी ठोकळे, फळ्या, शिशाची माणसे आणि खेळण्यातल्या आगगाड्या घेऊन जमिनीवर बेटे आणि शहरे उभी राहू लागली. या खेळांवर त्याने १९११ साली 'फ्लोअर गेम्स' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. मुलाला आपले जग स्वतः मांडू द्यावे, मग त्याचे मन आपोआप मोठे होते, हा त्यातील गाभा. पुढे मार्गारेट लोवेनफेल्ड या लंडनच्या बालमानसतज्ज्ञ बाईंनी याच पुस्तकावरून स्फूर्ती घेतली आणि वाळूच्या तबकात खेळणी मांडून मुलांच्या मनातील दुःख ओळखण्याची उपचारपद्धती बसवली. खेळाच्या पुस्तकाने रुग्णालयात जावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

दोन वर्षांनी 'लिटल वॉर्स' आले. त्याचा उगम गमतीदार आहे. त्या काळी स्प्रिंगवर चालणारी एक छोटी तोफ बाजारात मिळे. तिच्यातून इंचभर लांबीचा लाकडी गोळा सुटे आणि नेम चांगला असेल तर नऊ यार्डांवरच्या शिशाच्या सैनिकाला तो आडवा करी. सँडगेटच्या घरी जेवण झाल्यावर एका पाहुण्या मित्राने ती सहज उचलून एका सैनिकावर डागली. दुसऱ्यानेही नेम धरला. पुस्तकात या मित्राची फक्त आद्याक्षरे आहेत. 'थ्री मेन इन अ बोट'चे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम ते हेच, असे मानले जाते. विश्वकोशाचे जाडजूड खंड रचून टेकड्या झाल्या आणि दोन प्रौढ गृहस्थ पालथे पडून लढू लागले. हळूहळू नियम ठरत गेले. प्रत्येक नियम का करावा लागला, आधीचा का टाकावा लागला, हे वेल्स गोष्टीसारखे सांगतो. नियम म्हणजे आकाशातून पडलेली आज्ञा नव्हे, तो माणसांनी बसून, भांडून, सुधारून केलेला असतो, हा पहिला धडा वाचकाला येथेच मिळतो. कापडदुकानातील यादी ज्याने मुकाट्याने पाळली होती त्याला हे सांगण्याचा अधिकार नक्कीच होता.

ते नियमही पाहण्यासारखे आहेत. प्रथम जमिनीवर घरे, झाडे, टेकड्या मांडून प्रदेश तयार करायचा. मधोमध पडदा लावायचा आणि दोन्ही बाजूंनी आपापले सैन्य लपतछपत मांडून मग पडदा दूर करायचा. पायदळाचा सैनिक एका चालीत एक फूट जातो, घोडेस्वार दोन फूट. अंतर दोरीने मोजायचे. प्रत्येक चालीला वेळेचे बंधन आहे, तेव्हा विचार करीत बसण्याची सोय नाही. तोफेजवळ सहा इंचांच्या आत निदान चार माणसे असली तरच ती चालते किंवा उडते. माणसे पडली की तोफ मुकी होते. एका चालीत तोफेने चार गोळे टाकावेत, पण त्याच चालीत जागा बदलू नये. समोरासमोर भिडलेल्या सैनिकांची बरोबरीने वजाबाकी होते. नऊ विरुद्ध अकरा असतील तर दोन्हीकडचे नऊ-नऊ जातात आणि दोन उरतात. कैदी पकडले तर त्यांना मागे नेण्यासाठी आपलीच माणसे खर्ची घालावी लागतात. फाशाला येथे स्थान नाही. तोफेचा नेम आणि सेनापतीची अक्कल, एवढ्यावरच सारे.

वरवर हे निरुपद्रवी गणित आहे. पण खेळणाऱ्याने दोन-चार डाव खेळावेत, म्हणजे या गणितातून एक निराळीच कथा वर येऊ लागते. नऊ विरुद्ध अकराच्या चकमकीत जिंकलेला पक्षही नऊ माणसे गमावून बसतो. वेळ कमी असल्याने उत्तम सेनापतीही भलत्या वेळी भलतीकडे चाल करतो. डाव्या बगलेवर एक तुकडी विसरून जाते. झाडाआड असलेली तोफ दिसतच नाही. योजना आणि प्रत्यक्ष यांचा मेळ कधी बसत नाही. शौर्याची गोष्ट ऐकायला बसलेल्या वाचकाला गोंधळाची गोष्ट ऐकू येते, आणि ती कोणी सांगत नाही, नियमच घडवतात.

मध्येच लेखक आणखी एक गंमत करतो. हुक्स फार्म नावाच्या शेतवाडीभोवती झालेल्या एका लढाईचा वृत्तान्त देताना त्याचा आवाज एकदम बदलतो. नियम समजावणारा साधा गृहस्थ जातो आणि मिशांवर ताव देणारा, स्वतःच्या पराक्रमाच्या आठवणी फुशारकीने सांगणारा एक म्हातारा सेनापती अवतरतो. हा सेनापती वेल्सच आहे आणि नाहीही. नियमांच्या पुस्तकात एक पात्र जन्माला आले! खेळणारा माणूस खेळापुरता दुसराच कोणी होतो, ही जी पुढच्या खेळांची मुख्य कल्पना, तिची पहिली चुणूक येथे दिसते. शिवाय त्या बढाईखोराला ऐकताना वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की खऱ्या सेनापतींच्या आठवणीही याच सुरात लिहिलेल्या असतात.

शेवटच्या प्रकरणात मात्र पडदा दूर होतो. तीन-चार वेळा हा खेळ खेळून पाहावा, म्हणजे खरे महायुद्ध किती अडाणी आणि आंधळा प्रकार असला पाहिजे ते कळेल, असे तो बजावतो. खरे युद्ध हा फार महागडा खेळ आहे आणि तो पेलण्याइतके माणसाचे डोके मोठे नाही, असा त्याचा निष्कर्ष. ज्यांना लढण्याची खुमखुमी असेल अशा राजांना आणि सेनानींना शिशाचे सैनिक आणि ठोकळे देऊन एका खोलीत बसवावे, म्हणजे बाकीच्यांची शेते, घरे आणि मुले सुखरूप राहतील. प्रशियात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने सेनेच्या शिक्षणासाठी युद्धाचा खेळ बसवला होता. तो खेळ माणसाला खऱ्या युद्धासाठी तयार करी. वेल्सचा खेळ त्याला खऱ्या युद्धापासून परावृत्त करू पाहत होता. साधने जवळजवळ तीच, हेतू मात्र नेमका उलटा.

आणि येथेच या चरित्रातील अवघड जागा येते. पुस्तक निघाले १९१३ साली. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. ज्याने नुकतेच युद्धाला मूर्खांचा खेळ ठरवले होते, तो वेल्स आता काय म्हणणार? त्याने लेखणी उचलली ती युद्धाच्या बाजूने. हे युद्ध युद्धांचाच अंत करील, अशा आशयाचे लेख त्याने लिहिले आणि त्यांच्या संग्रहाचे नाव साऱ्या इंग्लंडच्या तोंडी बसले. १९१८ साली तो सरकारच्या प्रचार खात्यातही काही काळ काम करीत होता. ज्या पिढीतील मुलांनी त्याच्या पुस्तकाबरहुकूम शिशाचे सैनिक मांडले असतील, तिच्यातीलच कित्येक तरुण फ्रान्सच्या चिखलात गेले. शिशाचा सैनिक पडला की डाव संपल्यावर पुन्हा खोक्यात जातो. हे गेलेले परत आले नाहीत.

मग 'लिटल वॉर्स'मधील ती छुपी कथा खोटी होती काय? मला तसे वाटत नाही. पुस्तकात लिहिलेले शहाणपण लिहिणाऱ्याच्याही नेहमी कामी येत नाही, एवढेच यावरून दिसते. ब्रॉम्लीच्या टेकड्यांवरचा तो तेरा वर्षांचा सेनापती वेल्सच्या मनातून पुरता गेला नव्हता. नियमांनी त्याला खोलीत कोंडले होते. रणशिंग वाजताच तो खिडकीतून बाहेर पडला. कोणत्याही युद्धविरोधी पुस्तकाची मर्यादा यापेक्षा स्पष्ट दुसरी कोणती असेल?

पण वेल्स तेथे थांबला नाही. युद्ध संपल्यावर, राष्ट्राराष्ट्रांनी आपापला इतिहास वेगळा शिकवल्यामुळेच माणसे एकमेकांना परकी वाटतात, असे त्याच्या मनाने घेतले. मग त्याने साऱ्या मानवजातीचा एकत्र इतिहास लिहिला. 'आउटलाइन ऑफ हिस्टरी' हा ग्रंथ १९१९-२० मध्ये निघाला आणि जगभर खपला. आपल्याकडे पंडित नेहरूंनी तुरुंगातून कन्येला जागतिक इतिहासावर पत्रे लिहिली, तेव्हा त्यांनाही या ग्रंथाचा आधार झाला होता. १९३३ मध्ये नाझींनी जी पुस्तके जाळली त्यांत वेल्सचीही होती. त्याच सुमारास तो 'पेन' या लेखकांच्या जागतिक संघटनेचा अध्यक्ष होता. १९१४ सालच्या त्याच्या एका कादंबरीत अणुबॉम्बची कल्पना आली होती. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने ती १९३२ साली वाचली आणि पुढच्याच वर्षी अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना त्याला सुचली. १९४० च्या सुमारास वेल्स माणसाच्या मूलभूत हक्कांची सनद तयार करण्याच्या खटपटीला लागला. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी जो मानवी हक्कांचा जाहीरनामा केला, त्याच्या पूर्वतयारीत या खटपटीचाही वाटा मानला जातो. विचार केला तर सनद म्हणजेही नियमांचे पुस्तकच. फरक एवढाच की हे पुस्तक दुर्बळाच्या बाजूने लिहिलेले असते.

पदवीविना बाहेर पडलेल्या या विद्यार्थ्याने पंचाहत्तरी उलटल्यावर प्रबंध लिहून लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना त्याने आपले घर सोडले नाही. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. आपले भाकीत असे खरे ठरलेले पाहण्याचे दुर्भाग्य त्याच्या वाट्याला आले. त्याची अखेरची पुस्तके निराशेने काळवंडलेली आहेत. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडन येथे वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याची रक्षा समुद्रात विसर्जित करण्यात आली.

'लिटल वॉर्स' मात्र जगत राहिले. शिशाच्या सैनिकांनी खेळण्याची हौस इंग्लंडमधून अमेरिकेत रुजली. १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांसाठी 'चेनमेल' हे नियमांचे पुस्तक काढले. त्यात राक्षस आणि मांत्रिकांची पुरवणी होती. आर्नेसनने आपल्या खेळात सैन्याऐवजी एकेका खेळाडूला एकच पात्र दिले. दोन्ही धागे जुळून १९७४ चा तो खेळ जन्मला. २००४ साली 'लिटल वॉर्स'ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिला प्रस्तावना लिहिली ती गायगॅक्सनेच. नातवाने आजोबांना केलेला तो नमस्कारच म्हणायचा.

या साऱ्या प्रवासात एक बदल मला फार अर्थपूर्ण वाटतो. वेल्सच्या खेळात माणूस सेनापती होता आणि सैनिक बिननावाचे. पुढच्या खेळांत खेळणारा स्वतःच एक सैनिक झाला. त्याला नाव आले, गाव आले, जखमा आल्या, आणि तो मेला तर टेबलाभोवतीच्या मित्रांना हळहळ वाटू लागली. नऊ वजा नऊ शून्य हे गणित ज्या क्षणी एखाद्या नावाला लागू पडते, त्या क्षणी ते गणित राहत नाही. वेल्सला शेवटच्या प्रकरणात जे सांगायचे होते ते त्याच्या नातवंडांनी नियमातच आणून बसवले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आपण सारेच कोणत्या ना कोणत्या नियमांच्या पुस्तकात जगतो. शाळेचे, नोकरीचे, जातीचे, रूढीचे. ती पुस्तके कंटाळवाणी वाटतात म्हणून आपण ती न वाचताच पाळतो. तळघराच्या जाळीतून बूट पाहणाऱ्या एका मुलाने ती नीट वाचायला शिकून घेतले. हा नियम कोणी केला, कोणासाठी केला, आणि त्यात कोणाची माणसे खर्ची पडतात, हे त्याने प्रत्येक वेळी विचारले. एकदा, सगळ्यात मोठ्या वेळी, तो विचारायला विसरला. त्याच्या थोरवीइतकेच त्याचे हे विसरणेही आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.